न उघडणारी चित्रे

संगणकाच्या पडद्यावर एखाद्या चित्राचे नाव दिसते आहे, त्याचा आकार दिसतो आहे, ते कोणत्या दिवशी तयार झाले ती तारीखही दिसते आहे, आणि तरीही त्यावर दोनदा टिचकी मारली असता चित्र म्हणून काही उघडत नाही, हा अनुभव संगणक वापरणाऱ्या बहुतेकांच्या वाट्याला केव्हा ना केव्हा येतो. कधी चित्राच्या जागी कोपरा दुमडलेला कोरा कागद तेवढा दिसतो. कधी संगणकच उलट प्रश्न करतो की, ही फाइल कशाने उघडावी. आणि कधी तर चित्राऐवजी अगम्य अक्षरांच्या रांगाच्या रांगा डोळ्यांपुढे येऊन उभ्या राहतात. असे झाले म्हणजे माणसाचा पहिला ग्रह असा होतो की, चित्र नासले. पुष्कळ जण त्या समजुतीने ते पुसूनही टाकतात. वास्तविक अशा बहुतेक प्रसंगी चित्राला काहीही झालेले नसते. बिघडलेले असते ते चित्र आणि ते दाखविणारा प्रोग्राम यांच्यामधील नाते.

हे नाते कसे जुळते हे समजून घेण्यासाठी सरकारी कचेरीच्या टपालाकडे पाहावे. कचेरीत टपाल येते तेव्हा प्रत्येक पत्र साद्यंत वाचून, त्याचा आशय ध्यानात घेऊन, मग ते कोणाकडे द्यावयाचे हे ठरविण्याइतकी सवड आवक शाखेला नसते. वरची खूण पाहावयाची, बारनिशीत नोंद करावयाची आणि त्या त्या कार्यासनाकडे कागद पाठवावयाचा, अशी ती रीत असते. विंडोज पद्धतीचा संगणक हेच करतो. फाइलीच्या नावाच्या शेवटी एक टिंब आणि त्यापुढे बहुधा तीन अक्षरे असतात: जेपीजी, पीएनजी, जीआयएफ, टिफ. ही अक्षरे तीनच का, याला काही शास्त्रीय कारण नाही. जुन्या डॉस पद्धतीत नावाला आठ आणि शेपटाला तीन अक्षरे एवढीच जागा मिळत असे. पुढे ती अट गेली, सवय राहिली. संगणक हे शेपूट पाहतो आणि आपल्या पोटातील बारनिशी उघडतो. तिला रजिस्ट्री म्हणतात. तेथे प्रथम शेपटावरून फाइलीचा प्रकार ठरतो, आणि त्या प्रकारापुढे, हे काम कोणत्या प्रोग्रामकडे द्यावयाचे व तो प्रोग्राम डिस्कवर कोठे आहे, याची नोंद सापडते.

आता कचेरीत ज्या चुका होतात, त्याच येथे होतात. एखादे कार्यासन बंद होते, पण बारनिशीतील नोंद तशीच राहते. कागद मात्र रिकाम्या टेबलावर जाऊन पडतो. प्रोग्राम काढून टाकला आणि नोंद मागे राहिली, की संगणकावर नेमके हेच घडते. दुसरा प्रकार अधिक वेळा आढळतो. एखादा नवा प्रोग्राम संगणकावर घ्यावा, तर तो आल्याबरोबर सगळ्या चित्रांपुढे आपलेच नाव लिहून मोकळा होतो. वास्तविक त्याला त्यातील निम्म्या प्रकारांचे नीट ज्ञानही नसते. नव्याने बदलून आलेला अधिकारी पहिल्याच दिवशी सगळ्या फायली आपल्याकडे मागवून घेतो, त्यातलाच हा मासला. २०१२ मध्ये आलेल्या विंडोज आठपासून प्रोग्रामांच्या या अधिक्षेपाला आळा घालण्यात आला आणि ही निवड वापरणाऱ्याच्या संमतीवर सोपविण्यात आली. विंडोज दहामध्ये याहून पुढची गंमत झाली. चित्रे दाखविणारा जुना फोटो व्ह्यूअर हा प्रोग्राम नव्या संगणकातही होताच. परंतु बारनिशीत तो केवळ टिफ या एका प्रकारापुरता ठेवला होता. जेपीजी चित्रांपुढून त्याचे नाव उतरले होते. असंख्य लोकांनी, जुना प्रोग्राम गेला, असे मानून हळहळ व्यक्त केली. तो गेला नव्हता. घरातच होता, त्याच्याकडे कोणी काम पाठवीत नव्हते एवढेच.

शेपटावर विसंबणे ही तशी कच्चीच व्यवस्था. नाव कोणीही बदलू शकतो. त्यातून विंडोज ओळखीच्या शेपटांना आपल्या समजुतीप्रमाणे झाकून ठेवते, म्हणजे वाचणाऱ्याला ती दिसतच नाहीत. मे २००० मध्ये जगभर धुमाकूळ घालणारा एक विषाणू याच सवयीच्या आधाराने पसरला. एका प्रेमपत्राचे नाव घेऊन तो टपालातून येई. नावाच्या शेवटी साध्या मजकुराचे शेपूट दिसे, आणि त्यामागे दडलेले खरे शेपूट प्रोग्रामाचे असे. उघडणाऱ्याने पत्र म्हणून उघडावे आणि संगणकाने ते आज्ञा म्हणून पाळावे!

परंतु चित्राची खरी ओळख नावात नसते, ती चित्राच्या पोटात असते. प्रत्येक प्रकारच्या चित्राच्या आरंभी काही ठराविक अंक लिहिलेले असतात. जेपीजीचा आरंभ २५५ आणि २१६ या अंकांनी होतो. जीआयएफ आपले नावच पहिल्या तीन अक्षरांत सांगतो. १९८६ मध्ये आल्डस या अमेरिकन कंपनीने काढलेला टिफ हा प्रकार इंग्रजी ‘आय’ किंवा ‘एम’ हे अक्षर दोनदा लिहून सुरू होतो, आणि त्यापाठोपाठ ४२ हा अंक येतो. फाइलीचे नाव पुसले, शेपूट तुटले, बारनिशी जळली, तरी हे अंक तेथेच असतात. युनिक्स परंपरेतील संगणक पहिल्यापासून असे आत डोकावून पाहण्याची सोय ठेवीत आले आहेत.

या साऱ्या तपशिलाशी मराठी ग्रंथांचा काय संबंध, असा प्रश्न श्रोत्यांच्या मनात आल्यास नवल नाही. तो संबंध बंगळूरमध्ये जुळला.

बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेला त्या शहरातील जुनी माणसे अजूनही टाटा इन्स्टिट्यूट म्हणतात. जमशेटजी टाटांचा संकल्प आणि म्हैसूर दरबारने दिलेली जमीन यांतून १९०९ मध्ये ती उभी राहिली. या संस्थेत, विसाव्या शतकाच्या अखेरीस आणि एकविसाव्याच्या आरंभी, एक मोठी कल्पना मूळ धरू लागली. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठाचे प्रा. राज रेड्डी यांनी दहा लाख ग्रंथांची पाने संगणकावर उतरविण्याचा संकल्प सोडला होता. त्याचे भारतातील काम विज्ञान संस्थेचे प्रा. एन. बालकृष्णन यांच्या पुढाकाराने सुरू झाले. त्यातूनच डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया हे ग्रंथालय निर्माण झाले. २००३ मध्ये राष्ट्रपती डॉ. अब्दुल कलाम यांच्या हस्ते त्याचे दालन लोकांसाठी खुले झाले. देशातील अनेक केंद्रांवर ग्रंथ उलगडून त्यांची पाने टिपली जात होती. त्यांत इंग्रजी होते, संस्कृत होते, हिंदी, तेलुगू, कन्नड होते. आणि मराठीही होते. जी पुस्तके जुन्या वाचनालयांच्या कपाटांत वाळवीची वाट पाहत होती, ती नागपूरच्या, इंदूरच्या, बडोद्याच्या किंवा परदेशातल्या मराठी वाचकाला घरबसल्या दिसू लागण्याची ही पहिली मोठी संधी होती.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. या ग्रंथालयात पुस्तक म्हणजे अक्षरांचा मजकूर नव्हता. पुस्तक म्हणजे चित्रांची मालिका होती. प्रत्येक पान हे एक स्वतंत्र चित्र, आणि त्याचे नाव आठ आकडी: सात शून्ये आणि एक, सात शून्ये आणि दोन, असे ओळीने. चित्राचा प्रकार टिफ. एका इंचात सहाशे ठिपके, या बारकाईने पान टिपलेले असे. सहा इंच रुंद आणि नऊ इंच उंच अशा साध्या पानाचा हिशेब केला, तर ३,६०० गुणिले ५,४००, म्हणजे १,९४,४०,००० ठिपके होतात. प्रत्येक ठिपका काळा की पांढरा एवढेच लिहावयाचे म्हटले तरी एका पानाला २४ लाखांवर बाइट लागतील आणि तीनशे पानांच्या कादंबरीला जवळजवळ ७३ कोटी. त्या काळच्या टेलिफोनच्या तारांवरून एवढा भार वाहून नेणे अशक्यच होते. म्हणून फॅक्स यंत्रांसाठी शोधून काढलेली एक युक्ती वापरण्यात आली. प्रत्येक ओळ पुन्हा पहिल्यापासून लिहावयाची नाही. वरच्या ओळीपेक्षा या ओळीत काळ्या-पांढऱ्याची सीमा कोठे सरकली, तेवढेच लिहावयाचे. छापील अक्षरांना ही युक्ती इतकी मानवते की पानाचा भार पुष्कळच हलका होतो. छायाचित्रांना मात्र ती मुळीच मानवत नाही, आणि जुन्या चरित्रग्रंथांतील नायकांची मुखचित्रे या संग्रहात पुष्कळदा नुसते काळे डाग होऊन बसली आहेत.

युक्ती उत्तम, पण तिच्यामुळे एक अडचण निर्माण झाली. टिफ हे खरे तर एका पाकिटाचे नाव आहे. पाकिटाच्या आत मजकूर कोणत्या रीतीने बांधला आहे, हे पाकिटावरून कळत नाही. तेव्हा टिफ उघडण्याचा दावा करणारे काही प्रोग्राम छायाचित्रांचे टिफ उघडीत आणि फॅक्स पद्धतीने बांधलेले टिफ समोर येताच मुकाट्याने कोरे पान दाखवीत. येथे नाते बारनिशीत बरोबर नोंदले होते. नेमलेल्या कारकुनालाच ती लिपी येत नव्हती.

त्याहून मोठी अडचण ब्राउझरची होती. इंटरनेटवरील पाने दाखविणारे बहुतेक ब्राउझर जेपीजी, जीआयएफ आणि पीएनजी ओळखत. टिफ ओळखत नसत. म्हणून या ग्रंथालयाच्या वाचकाने आधी एक छोटा जोड-प्रोग्राम आपल्या संगणकावर घ्यावयाचा आणि मग पुस्तक उघडावयाचे, अशी रीत होती. ज्यांना ही सूचना समजली त्यांनी पुस्तके वाचली. ज्यांना समजली नाही त्यांच्यापुढे पुस्तकाचे नाव, पानांची संख्या आणि त्याखाली एक रिकामी चौकट, एवढेच आले. कित्येकांनी, पुस्तक नाही, असा निष्कर्ष काढला आणि ते परत फिरले. सूचीचीही त्यात भर होती. मराठी शीर्षके रोमन लिपीत, टंकणाऱ्याच्या कानाला जशी ऐकू आली तशी लिहिलेली. एखादे मराठी पुस्तक हिंदीच्या किंवा संस्कृतच्या यादीत जाऊन बसलेले. एवढ्यावर मात करून जो पुस्तकापर्यंत पोचला, त्याने रिकाम्या चौकटीपुढे हात टेकावेत, हे दुःख लहान नव्हे.

पुढे ही वाट आणखी अरुंद झाली. सुरक्षिततेच्या कारणास्तव ब्राउझर बनविणाऱ्यांनी अशा जोड-प्रोग्रामांची जुनी पद्धतच बंद केली. क्रोमने २०१५ मध्ये, फायरफॉक्सने २०१७ मध्ये. बंगळूरच्या संगणकांतील एकही चित्र बदलले नव्हते. त्यांतील एक ठिपकाही हलला नव्हता. तरीही काल जे पुस्तक दिसत होते ते आज दिसेनासे झाले, कारण वाचकाच्या घरातील दार बदलले होते. मोडी लिपीच्या बाबतीत महाराष्ट्राला हा अनुभव पूर्वीच आलेला आहे. पुण्याच्या पेशवे दफ्तरातील रुमाल आणि तंजावरच्या सरस्वती महालातील मोडी कागद जसेच्या तसे आहेत. शाई फिकी झालेली नाही, कागद फाटलेला नाही. आजोबा जे पत्र सहज वाचीत ते नातवाला वाचता येत नाही, याला कागदाचा काय दोष? फरक एवढाच की, मोडी वाचणारा तयार करावयास महिनोन्‌महिने लागतात, आणि टिफ वाचणारा प्रोग्राम फुकट मिळतो व दोन मिनिटांत कामाला लागतो.

ज्यांनी हे ओळखले त्यांनी त्या काळात मोठेच काम करून ठेवले. काही हौशी जाणकारांनी असे छोटे प्रोग्राम लिहिले की जे आठ आकडी नावांच्या क्रमाने एकामागून एक पाने उतरवून घेत आणि शेवटी त्यांचा एक पीडीएफ ग्रंथ बांधून देत. त्यांनी शोधून काढलेले रहस्य फार खोल नव्हते. चित्र ब्राउझरला दाखवावयास सांगू नये. ते आपल्याकडे घ्यावे आणि ते ज्याला वाचता येते त्याच्या हाती द्यावे, एवढेच ते होते. २०१७ च्या सुमारास स्वामित्वहक्काच्या प्रश्नावरून मूळ ग्रंथालयाचे दालन बंद झाले. लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षे उलटून गेल्यामुळे जे ग्रंथ कायद्यानेच सर्वांचे झाले होते, तेही त्या बंद दाराआड गेले. सरसकट कुलूप लावण्यातला हा दोष आहे, आणि तो बोलून दाखविणे भाग आहे. सुदैवाने त्यापूर्वीच कार्ल मालामुड या अमेरिकन कार्यकर्त्याच्या प्रयत्नाने त्यातील चार लाखांहून अधिक ग्रंथांच्या प्रती इंटरनेट आर्काइव्ह या संग्रहात पोचल्या होत्या. तेथे ते पीडीएफच्या रूपात वाचता येतात. प्रत्येकाच्या ओळखक्रमांकात डीएलआय ही तीन अक्षरे अजून आहेत, आणि शीर्षकांची रोमन दुर्दशाही बरीचशी तशीच आहे.

परंतु पुष्कळ घरांत त्या काळी उतरवून घेतलेल्या पानांचे संच जुन्या डिस्कवर आणि सीडीवर तसेच पडून असण्याचा संभव आहे. वडिलांनी कोणे एके काळी जमविलेली ती पुस्तके मुलगा आज नव्या संगणकावर उघडावयास जातो, आणि आरंभी वर्णन केलेला प्रसंग घडतो. मोबाइलवर तर टिफ चित्र बहुधा उघडतच नाही. अशा वेळी काय करावे?

प्रथम काहीही पुसू नये, आणि मूळ संचाची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर करून ठेवावी. सगळे प्रयोग त्या प्रतीवर करावेत. नंतर विंडोजमधील फायलींच्या खिडकीत वरच्या बाजूस ‘व्ह्यू’ हा शब्द आहे, तेथे जाऊन नावांची शेपटे दिसतील अशी व्यवस्था करावी. शेपूट झाकलेले ठेवून दुरुस्तीला बसणे म्हणजे पाकिटाची पालथी बाजू धरून पत्ता वाचण्यासारखे आहे. मग त्या चित्रावर माऊसची उजवी कळ दाबावी. जी यादी उघडते तीत ‘ओपन विथ’ असे शब्द असतात. त्यातून दुसरा प्रोग्राम निवडण्याची सोय मिळते, आणि हाच प्रोग्राम कायम वापरावा, असेही तेथेच सांगता येते. बहुतेकांचे काम एवढ्यावर होते. ज्यांना सगळ्याच प्रकारच्या चित्रांची नोंद एकदम तपासावयाची असेल त्यांनी सेटिंग्जमधील ‘डिफॉल्ट ॲप्स’ या भागात जावे. तेथे प्रत्येक शेपटापुढे कोणाचे नाव लिहिले आहे हे दिसते आणि ते बदलताही येते. रजिस्ट्रीत स्वतः हात घालण्याचा सल्ला पुष्कळ ठिकाणी मिळतो. तो घेऊ नये. बारनिशीतील एक ओळ दुरुस्त करताना सबंध पान फाटल्याची उदाहरणे कमी नाहीत.

एवढ्याने चित्र न उघडल्यास दोन शक्यता उरतात. प्रोग्रामला ती फॅक्स पद्धतीची बांधणी येत नसेल. अशा वेळी निरनिराळ्या प्रकारची चित्रे उघडणारा दुसरा प्रोग्राम आणावा. इर्फानव्ह्यूसारखे प्रोग्राम घरगुती वापरासाठी विनामूल्य मिळतात आणि जुने टिफ विनातक्रार उघडतात. किंवा शेपूटच खोटे असेल. हा प्रकार वाटतो त्याहून सरसकट आढळतो, आणि त्याचे मूळ एका गैरसमजात आहे. टिफचे जेपीजी करावयाचे म्हणजे नावाच्या शेवटची अक्षरे बदलावयाची, अशी पुष्कळांची समजूत असते. गंमत म्हणजे कित्येक प्रोग्राम शेपटाकडे न पाहता पोटातील अंक वाचतात आणि ते चित्र बिनबोभाट उघडून दाखवितात. त्यामुळे ती समजूत पक्की होते. पुढे तेच चित्र शेपटावर विश्वास ठेवणाऱ्या दुसऱ्या प्रोग्रामकडे गेले म्हणजे अडते. वर सांगितलेला इर्फानव्ह्यू अशा वेळी, शेपूट आणि आतील मजकूर जुळत नाहीत, असे सांगून नाव दुरुस्त करण्याविषयी विचारतो. त्याला होकार द्यावा.

चित्रे एकदा दिसू लागली की मग त्यांचा पीडीएफ ग्रंथ बांधावा, म्हणजे तो मोबाइलवरही वाचता येईल. मूळ टिफ पाने मात्र टाकू नयेत. पीडीएफ बांधताना पाने बहुधा लहान केली जातात, ठिपके गळतात, आणि जोडाक्षरांच्या पोटातील बारीक रेषा एकदा गेली की परत येत नाही. बांधताना आठ आकडी नावांचा क्रम मोडणार नाही याकडे लक्ष द्यावे, आणि ग्रंथाचे नाव या वेळी तरी देवनागरीत, लेखकाच्या नावासह व प्रकाशनाच्या वर्षासह लिहावे. आरंभीची एकदोन पाने कोरी निघाली तर घाबरू नये. ती मूळ पुस्तकाची कोरी पाने असतात. पुढचे पान उघडावे.